तो तो नव्हेच!

शिराळ्यात एकाच घरात, एकाच माजघरात तीन पिढ्या जन्मल्या असतील, तर तिघांच्या जन्माचे जिल्हे तीन निघू शकतात. आजोबा सातारा जिल्ह्यात जन्मले. 1949 साली साताऱ्याचे दोन तुकडे झाले, म्हणून वडील दक्षिण सातारा जिल्ह्यात जन्मले. 1960 साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं आणि मुलगा सांगली जिल्ह्यात जन्मला. घर तसूभर हललं नाही. मोरणा नदीही होती तिथूनच वाहते आहे. फक्त कागदावरून पाहिलं तर हे घराणं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडत होतं असं वाटावं.

गावाच्या नावाचंही तेच. कुठे शिराळा, कुठे शिराळे, कुठे बत्तीस शिराळा. शेजारचं इस्लामपूर आता ईश्वरपूर झालं आहे, त्यामुळे पुढची चाळीस-पन्नास वर्षं ही दोन्ही गावं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र कोणीतरी, कुठेतरी, कोणत्या ना कोणत्या टेबलावर ठेवत राहणार. जिथे गावांची ही गत, तिथे माणसांनी कोणत्या तोंडाने तक्रार करावी? शाळेच्या दाखल्यावर ज्ञानदेव, सातबाऱ्यावर ज्ञानू, सोसायटीच्या पासबुकात ज्ञानेश्वर आणि आधार कार्डावर या तिन्हींपैकी एकही नाही, असा माणूस आमच्याकडे वाडीगणिक सापडतो.

त्यासाठी तहसील कचेरीच्या आसपास एक लेखन-व्यवसाय फोफावला आहे. 'वरील तिन्ही नावांची व्यक्ती मी एकच असून...' अशी सुरुवात करून माणूस शपथेवर सांगतो की मी म्हणजे मीच. हे सांगायला तो स्टॅम्प पेपर घेतो. सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क 2004 सालापासून माफ आहे. पण साध्या कागदावर लिहिलेला मी कोणाला खरा वाटत नाही, आणि सर्वांत आधी तो मलाच वाटत नाही. शेवटी खाली एक ओळ असते: 'मी यांना ओळखतो.' तिथे दुसऱ्या कोणाची तरी सही लागते. हा ओळखणारा बहुधा चहाच्या गाड्याजवळ उभा असतो. त्याला कोण ओळखतो, असं विचारायची पद्धत नाही.

तर मी मीच आहे हे सांगण्याची अशी पक्की सोय आहे. पंचाईत पुढे आहे. समोरचा म्हणतो 'मी अमुक', आणि तुम्हाला म्हणायचं आहे 'हा अमुक नव्हे'. त्याचा छापील नमुना कोणत्याही टंकलेखकाकडे नाही. आचार्य अत्र्यांनी 1962 साली 'तो मी नव्हेच' रंगभूमीवर आणलं. त्यातला निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे कोर्टात ठणकावून सांगतो, की तुम्ही शोधता तो मी नाही. प्रभाकर पणशीकरांनी ते काम असं केलं की महाराष्ट्राची करमणूकही झाली आणि कायद्याचं शिक्षणही. पण लखोबाची बाजू सोपी होती. तो फक्त नाही म्हणत होता, सिद्ध सरकारने करायचं होतं. तो हो म्हणत राहिला असता आणि 'तू तो नव्हेस' हे इतरांना सिद्ध करावं लागलं असतं, तर नाटक आजही चालू असतं.

असं नाटक आमच्या भागातल्या एका वाडीत चालू होतं. दोघे भाऊ, म्हातारी आई आणि साडेतीन एकर. त्यांचा धाकटा चुलता तरुणपणी मुंबईला गिरणीत लागला होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तो संपल्याचं कोणी अजून अधिकृतपणे सांगितलेलं नाही, आणि चुलत्याचं पत्र येणं मात्र बंद झालं. वाडीने काही वर्षं वाट पाहिली आणि मग सोडून दिली. चाळीसेक वर्षांनी एके दिवशी एस.टी.तून एक म्हातारा उतरला, सरळ त्या घरापर्यंत चालत आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "वहिनी, पाणी द्या."

म्हातारी बाहेर आली. डोळ्यांवर हात धरून तिने पाहिलं. "आलासा व्हय भावजी," म्हणाली आणि रडली. त्या दिवशी कोंबडं कापलं. थोरला पुतण्या आणि तो म्हातारा एका ताटात जेवले. शेजारपाजारचे बघून गेले. रात्री पान खाताना पाहुण्याने सहज विचारलं, "ओढ्याकडंच्या तुकड्यात ऊस कुणाच्या नावावर जातोय?"

सकाळी म्हातारीला तो ओळखू येईनासा झाला.

यानंतर घरच्या लोकांनी जी तपासणी केली, ती पोलिसांनाही जमली नसती. त्याला विहिरीचं नाव विचारलं, त्याने सांगितलं. मारक्या बैलाचं नाव विचारलं, तेही सांगितलं. छडीच्या मास्तरांची नक्कल करून दाखवली. पुतण्यांनी निष्कर्ष काढला: सगळं पढून आलाय. मग विचारलं, आत्याच्या लग्नात मांडव कुठल्या बाजूला होता? त्याला आठवेना. निष्कर्ष: बघा, तो नव्हेच. म्हणजे आठवलं तर शिकवलेला आणि विसरला तर खोटा. याच न्यायाने मला विचारलं असतं, तर मीही माझ्या घरात बेकायदेशीर ठरलो असतो. माझ्या मुंजीत मांडव कुठे होता, हे मला फक्त फोटोवरून ठाऊक आहे.

दोघे भाऊ वकिलाकडे गेले. वकीलसाहेबांनी दार लावून घेतलं आणि तासभर जे समजावलं, ते थोरल्याने पुढे महिनाभर पारावर सांगितलं, त्यामुळे आता आमच्या वाडीला पुराव्याचा कायदा पाठ आहे. पहिली गोष्ट, जो दावा सांगतो त्याने तो सिद्ध करायचा. 1872 च्या जुन्या कायद्यात होतं, तेच 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. भाऊ खूश झाले. दुसरी गोष्ट, सात वर्षं ज्याची खबर नाही, तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं. भाऊ आणखी खूश झाले.

"तुम्ही त्यांच्या मृत्यूची नोंद करून घेतली होती?" वकिलांनी विचारलं.

"न्हाय."

"कोर्टाकडून तसं ठरवून घेतलं?"

"कशाला? मेलेल्या मानसाला कोर्टात कशाला वढायचं?"

"मग सातबाऱ्यावर त्यांचं नाव?"

नाव होतं. आजोबांच्या पश्चात लागलं होतं, ते तसंच होतं. वारस नोंद करायला तलाठी कचेरीत हेलपाटे घालावे लागतात, म्हणून दोघा भावांनी चुलत्याला चाळीस वर्षं कागदावर जिवंत ठेवलं होतं. आता महसूल अधिनियमाप्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद खरी धरायची, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि आलेल्या माणसाकडे त्याच नावाचं मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड आणि आधार. "आधार म्हणजे काही जन्माचा पुरावा नव्हे," धाकटा म्हणाला. तो वर्तमानपत्र वाचतो. सर्वोच्च न्यायालयानेही 2024 साली सांगितलं आहे की आधारवरून वय ठरवू नये. वकील म्हणाले, "बरोबर. पण त्याच्याकडे पुरावा म्हणून निदान आधार तरी आहे. तुमच्याकडे काय आहे?"

इथे थोरल्याने शिराळ्याच्या माणसाला शोभेल असा युक्तिवाद केला. आमच्याकडे नागपंचमीला जिवंत नाग धरण्यावर बंदी आली, ती वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे. 1972 च्या त्या कायद्यात एक कलम आहे. तुमच्याजवळ बंदिस्त प्राणी सापडला, तर तो बेकायदेशीरच आहे असं धरतात आणि तसं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. "नागाला एक कायदा आन् ह्या चुलत्याला दुसरा, ह्यो कुठला न्याय? सापडला की खोटा धरा, मंग त्यो दावंल खरं काय ते!" वकीलसाहेबांनी या मुद्द्याची फी वेगळी घेतली नाही, हे त्यांचे उपकार.

आणि तिसरी गोष्ट सांगताना ते जरा अडखळले. "त्या दिवशी एका ताटात जेवलात, असं लोक सांगतात."

आता हे ताट साधं नव्हे. साताऱ्याच्या इतिहासात त्याला आज्ञापत्राइतकं वजन आहे. 1689 साली लहानपणी मोगलांच्या कैदेत गेलेले शाहू महाराज 1707 साली पंचविशीचे होऊन परत आले. मधली अठरा वर्षं त्यांना इकडे कोणी पाहिलेलं नव्हतं. ताराबाईंनी सांगितलं, हा शाहू नव्हे, तोतया आहे. राजकारण बाजूला ठेवलं तर प्रश्न रास्त होता. सात वर्षांचं पोर पंचविसाव्या वर्षी ओळखायचं कशावरून? परसोजी भोसल्यांनी त्यावर ना जन्मपत्रिका मागितली, ना जन्मखुणा तपासल्या. ते शाहूंबरोबर एका ताटात जेवले. धनाजी जाधवांसारख्या सेनापतीची खात्री पटली, ऑक्टोबर 1707 मध्ये खेडला लढाई झाली आणि पुढच्या जानेवारीत साताऱ्यात राज्याभिषेक.

त्या काळी हा पुरावा भक्कम का होता? कारण खोटा निघाल्यास जेवणारा बाटला असता. साक्षीदाराचं स्वतःचं काहीतरी पणाला लागलेलं होतं. आज खोट्या प्रतिज्ञापत्राला शिक्षा आहे, पण कोर्टापुढच्या खोट्या शपथेची फिर्याद तुम्हाआम्हाला परस्पर करता येत नाही, ती त्या कोर्टाने करावी लागते, आणि कोर्टाला इतर कामं असतात. तरीही ताट कायद्याने पूर्ण टाकलेलं नाही. नात्याची खास माहिती असलेल्या माणसाने आपल्या वागण्यातून ते नातं मानलं असेल, तर तो पुरावा ग्राह्य आहे. जुन्या कायद्यात हे पन्नासावं कलम होतं, नव्यात चव्वेचाळिसावं. परसोजींचं ताट, कोंबड्याचा रस्सा, सगळं त्यात बसतं.

पण आमच्या म्हातारीची खरी बहीण परसोजी नव्हे, ताराबाई. 1749 च्या डिसेंबरात शाहू महाराज निपुत्रिक वारले. त्याआधी ताराबाईंनी सांगितलं होतं, की माझा एक नातू आहे, जिवाच्या भीतीने जन्मतःच लपवलेला. हेच रामराजा. सरदारांना शंका होती. ग्रँट डफ लिहितो, की ताराबाईंनी सगळ्यांसमोर त्यांच्याबरोबर जेवावं आणि त्या अन्नावर शपथ घेऊन हा माझा नातू असं सांगावं, अशी मागणी झाली, आणि ती पुरी झाली. 1750 च्या जानेवारीत रामराजा गादीवर बसले. नातू आपल्या ऐकण्यात राहील अशी आजीची अटकळ होती. तो राहिला नाही. पेशव्यांशी त्याचं जमतंय असं दिसताच नोव्हेंबर 1750 मध्ये ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं आणि जाहीर केलं की हा माझा नातू नव्हेच. 1752 साली जेजुरीला खंडोबासमोर तशी शपथही घेतली.

म्हणजे 1707 साली खऱ्याला खोटं म्हटलं, 1749 साली एकाला खरं म्हटलं आणि 1752 साली त्याच खऱ्याला खोटं. दोन्ही शपथा देवाधर्माच्या, साक्षीदार एकच, आणि तिच्याइतकी माहीतगार दुसरी व्यक्ती अख्ख्या दौलतीत नाही. ताराबाईंच्या कर्तबगारीपुढे मी मान लववतो. औरंगजेबाला त्यांनी सात वर्षं झुंजवलं. पण साक्षीदार म्हणून त्यांना पिंजऱ्यात उभं करायला कोणताही वकील कचरला असता, तो आपल्या बाजूचा असो की समोरच्या.

आजचा कायदा त्यांच्या दुसऱ्या शपथेला उभंही करून घेणार नाही. नात्याबद्दल आता हयात नसलेल्या माणसाचं बोलणं पुराव्यात घ्यायचं, तर ते वाद उपस्थित होण्यापूर्वीचं लागतं. भांडण सुरू झाल्यावर आठवलेलं नातं आणि भांडण सुरू झाल्यावर विसरलेलं नातं, दोन्हींकडे न्यायालय सारख्याच संशयाने पाहतं. शिवाय एकदा सांगून तुम्ही दुसऱ्याला त्यावर वागायला लावलंत, की मागाहून नाही म्हणता येत नाही. याला विबंध म्हणतात. नानासाहेब पेशव्यांनी तर इतकी चिकित्साही केली नाही. गादीवर एक राजा बसलेला होता, शिक्का चालू होता, सनदा निघत होत्या. आजीने खंडोबाची आण घेतली तरी कारभाराला त्याची गरज नव्हती. रामराजा 1777 साली वारले तोपर्यंत छत्रपतीच होते. खरे की खोटे हा प्रश्न कोणी सोडवला नाही. तो दप्तरात मिटून ठेवला गेला.

उलट उदाहरण मागाल, तर भाऊसाहेबांचा तोतया. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांचं धड अंगावरच्या खुणांवरून ओळखलं गेलं, पण शिर नसलेल्या ओळखीवर पुणं समाधान मानणार थोडंच? पार्वतीबाईंनी 1783 साली डोळे मिटेपर्यंत वैधव्य स्वीकारलं नाही. अशा वातावरणात सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. त्याला पकडलं, कैदेत टाकलं, एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर हलवलं आणि शेवटी रत्नागिरीला ठेवलं. तिथला अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे. 1776 साली या नाईकांनीच कैद्याला भाऊसाहेब म्हणून मोकळं केलं. ज्याच्या ताब्यात खोटा म्हणून दिला, त्यालाच तो खरा वाटू लागला! हजारोंची फौज जमली, कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे गेले. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे चालून गेले तेव्हा कुठे हे बंड मोडलं. तोतया समुद्रावाटे निघाला, तो आंग्र्यांच्या हाती लागला.

आता नाना फडणीसांच्या हाती माणूस होता, बेड्या होत्या, तोफा होत्या. तरीही पुण्यात पंच बसवून चौकशी करावी लागली. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे त्यात होते. कारण मारून टाकलं असतं तर भाऊसाहेबांना मारलं असं लोक म्हणाले असते. आधी तो भाऊ नाही हे ठरवणं भाग होतं, म्हणजे मग देहदंड निर्धास्त देता येई. डिसेंबर 1776 मध्ये तो दिला. एवढा मोठा पेशवाईचा संसार, पण एका माणसाला 'तू तो नव्हेस' हे पटण्याजोगं सांगायला पंधरा वर्षं आणि एक युद्ध लागलं. न. चिं. केळकरांना त्यात नाटक दिसलं, यात नवल नाही.

आणि बंगालात तर याच्या वरताण. भवाल जमीनदारीचे मधले कुमार 1909 साली दार्जिलिंगला वारले, असं त्यांच्या घरचे म्हणत. बारा वर्षांनी एक संन्यासी 'मीच तो' म्हणून पुढे आला. इंग्रजांच्या महसूल खात्याने त्याला 1921 सालीच तोतया ठरवून टाकलं. त्याने 1930 साली दावा लावला. दीड हजाराहून जास्त साक्षीदार तपासले गेले, दोन्ही बाजूंनी. 1936 साली निकाल संन्याशाच्या बाजूने, 1940 साली उच्च न्यायालयात पुन्हा तेच, 1946 साली थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात तेच. त्यानंतर थोड्याच दिवसांत संन्यासी वारला. बायको अखेरपर्यंत म्हणत राहिली, हा माझा नवरा नव्हे. तीन कोर्टांना तो ओळखू आला, तिला नाही.

हे सगळं वकीलसाहेबांनी सांगितलं असेल असं नाही, पण सार तेच होतं. धाकट्या पुतण्याने शेवटचं अस्त्र काढलं. "रक्त तपासू या. डीएनए."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, कोर्ट सहजासहजी तसा हुकूम देत नाही. लग्नाच्या काळात जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा इतकं पक्कं धरून चालतो की त्याविरुद्ध फारसं ऐकूनही घेत नाही. शहाण्यांनी काही विचार करूनच ते लिहिलेलं असणार. "आणि समजा, तपासलं. तुमचं आणि त्याचं जुळलं नाही. मग दोघांपैकी या घराण्याचा कोण नाही, हे कोण ठरवणार? रक्त एकदा बोलायला लागलं, की विचारलेल्या प्रश्नावर थांबत नाही."

दोघे भाऊ उठले. म्हातारी बाहेर बाकावर बसली होती. तिच्याकडे न पाहता दोघेही पुढे चालायला लागले.

प्रकरण लोकअदालतीत मिटलं. तडजोडीचा मसुदा मी वाचला आहे आणि मराठी गद्याचा तो एक उत्तम नमुना आहे. 'अर्जदार स्वतःस सदर मिळकतीतील सहहिस्सेदार म्हणवितात, सामनेवाले यांस ते मान्य नाही, तथापि कौटुंबिक सलोख्याकरिता...' असा तो सुरू होतो आणि ओढ्याकडचे पंधरा गुंठे त्याला देऊन संपतो. जो कुटुंबातला आहे की नाही हे ठरलं नाही, त्याच्याशी कौटुंबिक सलोखा. म्हातारीने त्यावर अंगठा दिला आणि त्याच संध्याकाळी त्याला पुन्हा भावजी म्हणायला लागली.

तो आता वाडीत राहतो. ऊस घालतो, सोसायटीच्या सभेत शेवटच्या रांगेतून प्रश्न विचारतो, दर सोमवारी बाजाराला शिराळ्यात येतो. कचेरीबाहेरच्या त्या चहाच्या गाड्याशी त्याची बैठक असते. गेल्या महिन्यात माझ्या नावातल्या एका वेलांटीसाठी मला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. टंकलेखकाने कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, ओळखणारा पाहिजे. मी इकडेतिकडे पाहिलं. काका कपातला घोट संपवून उठले, खिशातलं पेन काढलं आणि 'मी यांना लहानपणापासून ओळखतो' याखाली घसघशीत सही ठोकली.